तोरणाखालची मोटर

परवा मुलाने नवीन गाडी आणली. सूनबाईने नारळ फोडला, कुंकू लावलं... आणि मी तांब्या घेऊन चारही चाकांवर पाणी घालत सुटले. वर बोनेटवर पोळीचा तुकडाही ठेवला.

नात हसून हसून बेजार. म्हणे, आजी, गाडीला भूक लागलीय का? तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

साठच्या दशकातली गोष्ट. आमचं घर यवतमाळकडच्या बोरी अरब गावात, मी शाळकरी पोर. माझ्या बाबांना मोटारींचं भारी वेड. रस्त्याने मोटर गेली की हातातलं काम टाकून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहायचे.

त्या वर्षी डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, आटोपली आणि बाबांनी घरची एकुलती बैलजोडी विकली. पवळ्या आणि हिऱ्या... दोघेही आमच्याच गोठ्यात जन्मलेले. त्या पैशात यवतमाळच्या एका वकिलाची जुनी काळी मोटर घेऊन आले, हँडल मारून सुरू होणारी.

आईला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून आईने बाबांशी बोलणं टाकलं. मी मध्ये! दोघं समोरासमोर बसलेले आणि निरोप माझ्या हाती.

"बेबे, तुया बापाले सांग. बैल कडबा खाते तो आपल्या वावरातला. पेट्रोल कोन्त्या वावरात पिकते?"

"बेबे, तुया मायले सांग. दिवायीवरी बैल निसते बसून खातीन. मोटर दारव्ह्याच्या बजाराले सवाऱ्या नेईन, त्या पैशात नवी जोडी येते."

हिशोब दोघांचाही मला पटायचा. पण घरात कुणी हसत नव्हतं आणि त्याने माझा जीव कासावीस व्हायचा. कुणाचंही खरं होवो, पण आईने एकदा बाबांना हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आई सवयीने वाटी घेऊन गोठ्यात गेली... तिथे मोटर उभी. तशीच परत आली आणि चुलीसमोर बसून राहिली. बाबांनी ओसरीवरून सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काय करावं! मोटर धुतली, बैलांची झूल तिच्यावर पांघरली, दिव्यांना बेगड चिकटवली आणि पोळ्यासाठी गावात तोरण बांधतात, थेट त्याखाली नेऊन बैलांच्या रांगेत शेवटी उभी केली. सगळं गाव लोटपोट. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तोरण तुटलं, म्हणजे पोळा फुटला. बैल वाजतगाजत घरोघरी निघाले. बाबांनी हँडल मारलं... मोटर ढिम्म. पुन्हा मारलं, घामाघूम झाले, मोटर काही हलेना.

एक जण ओरडला, "चारा टाका ना तिले!" आमचे बैल ज्यांनी घेतले होते ते नामदेवकाका मात्र हसले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "दादा, ओढून नेली असती. पण आज जू ठेवता येत नाही ना..." खरंच होतं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं म्हणजे पापच.

मी रडत घरी पळाले. आईने ऐकलं, पुरणाचे हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. इतक्या बाप्यांच्या देखत सरळ मोटरीच्या मागे जाऊन दोन्ही हात लावले.

"बेबे, तुया बापाले सांग, अंदर बसा. आज बैलाले सुट्टी हाय, आपल्याले नाई."

आईला पाहून नामदेवकाकाही लागले, मग शेजारणी. हसणारेसुद्धा आले. झुलीसकट मोटर दारात आली. बाबा खाली उतरले, पण मान काही वर करेनात.

आईने तांब्या आणला. बैलांच्या पायांवर घालायची तसं चारही चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, झुलीवर पुरणपोळी ठेवली. मग पदराने डोळे पुसले आणि बाबांकडे वळली.

"अजी... दिवायीच्या आंदी गोठ्यात जोडी पाह्यजे. मंग हे राह्यली तं राहू द्या. दारात आली, आता घरचीच हाय. चला, जेवाले बसा."

मी निरोप सांगायला तोंड उघडलं... आणि लक्षात आलं, या वेळी सांगायची गरजच नव्हती.

दिवाळीआधी जोडी आली. बाबांनी बाजाराच्या सवाऱ्या नेल्या, कमी पडलं तेव्हा स्वतःची सायकलही विकली. मोटरीने कमावलं थोडं आणि खाल्लं फार, यात शंकाच नाही. पण बाबांनी नंतर कधी आईला न विचारता साधा टायरसुद्धा घेतला नाही.

नातीला एवढं सांगून मी मुलाला विचारलं, "हप्ता कोणत्या वावरात पिकतो रे?" तो हसला. सूनबाई म्हणाली, "आई, आम्ही दोघांनी बसून ठरवलंय."

मग काय... मी पोळीचा आणखी एक तुकडा ठेवला. माझ्या आईच्या नावाने.