लॉबीतल्या मातीवर लॅकर

मुलुंडच्या त्या नव्या बिल्डिंगच्या लॉबीत शिरले आणि लॅकरचा वास नाकात बसला. भिंतीवर लावायच्या माझ्या मातीच्या लाद्या जमिनीवर मांडलेल्या होत्या. सगळ्या चकाकत होत्या. मी त्यांना ग्लेझ, म्हणजे भट्टीत बसणारा काचेसारखा थर, मुद्दाम दिला नव्हता. मग हे कुणाचे उद्योग?

"सरप्राइज, मॅडम!" बिल्डरचा इंटिरियर डिझायनर समीर म्हणाला. "पॉलिशवाल्याकडून लॅकर मारून घेतलं. दोन-तीन कोट. झकास ना?"

"तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"शेजारी इटालियन मार्बल आहे ना. तुमचं डल दिसत होतं."

डल म्हणे! मातीच आहे ती, कशी दिसणार? माझं डोकं फिरलं.

जुनी बिल्डिंग पाडून पाया खणला, तेव्हा निघालेली माती सोसायटीने माझ्या मरोळच्या गाळ्यात आणून टाकली होती. नुसती ती भाजली तर तडकते. म्हणून चाळून, भिजवून, माझ्या नेहमीच्या लाल मातीत मिसळून मी लाद्या थापल्या. मग एकेका घरातली माणसं आली आणि ओल्या लादीवर हात उमटवून गेली. एवढी वर्षं माती मळतेय, पण दुसऱ्यांच्या हातांसाठी मळताना मला जे सुख झालं, ते वेगळंच होतं.

मी समीरला झापत असतानाच सावंतकाकू खाली आल्या. भाड्याच्या घरातून नुकत्याच परतल्या होत्या. वाकून आपली लादी शोधली.

"ह्यो माझो हात. पण हेंचो खंय गेलो?"

हात उमटवायला आले तेव्हा सावंतकाका आजारी होते. हातात जोर नव्हता. मी वरून दाबू का विचारलं, तर म्हणाले, "ऱ्हवांदे, उमटलो तेवढो पुरे." बांधकाम संपायच्या आधीच ते गेले. त्यांचा तो उथळ ठसा लॅकरने भरून सपाट झाला होता.

"थिनरने पुसतो ना काकू," म्हणत समीरने फडका फिरवलासुद्धा! ग्लेझ नसलेली माती सगळं पिते. लॅकर पातळ होऊन आणखी आत मुरलं.

"हात लावू नकोस!" मी ओरडले.

"एवढं काय, मॅडम? साइज तीच ठेवून दुसरा कुणाचा तरी हात मारून घेऊ."

"कुणाचा? तुझा?"

मी त्याच्या हातातला फडका हिसकावून घेतला. काकू मात्र लादीकडेच बघत होत्या.

एकच उपाय होता. लॅकर भट्टीत जळून जातं. पण भाजलेली लादी पुन्हा भाजताना तडकू शकते. ते काकूंना स्पष्ट सांगितलं. काका परत दिसतील किंवा लादीच जाईल.

"आता तरी खंय दिसतत ते?" काकू म्हणाल्या. "घाल गो भट्टीत."

आधी ती एकटीच लादी भट्टीत लावली. आच अगदी हळू वाढवली. घाणेरडा धूर निघाला, शेजारच्या गाळेवाल्यांनी शिव्या घातल्या. भट्टी गरम असताना उघडली तर गार हवेने लादी फुटते, म्हणून पूर्ण निवेपर्यंत दाराला हात लावला नाही. काकू गाळ्यात येऊन बसल्या होत्या.

दार उघडलं. लादी अख्खी होती, आणि काकांच्या तळव्याच्या रेषाही.

काकूंनी आपल्या ठशाकडे पाहिलंही नाही. त्या उथळ पंजात बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "हे असोच हळू हात ठेवीत."

मग बाकीच्या लाद्याही पुन्हा भाजल्या. भिंतीवर लावताना मी समोर उभी राहिले. समीर सॉरी म्हणाला नाही. उलट फोटो काढताना म्हणतो कसा, "मॅडम, टेक्स्चर मस्त आलंय!"

तेव्हापासून काम भिंतीवर पक्कं होईपर्यंत मी साइट सोडत नाही. ज्याला चकाकी हवी, त्याच्यासाठी शेजारी मार्बल आहे.