जेठांची बैठक

खांडबारा स्टेशनावरून विसरवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझ्या सासऱ्यांचा एक तुकडा होता. मुरमाड जमीन, रस्त्याच्या बाजूला उंच आणि मागे नाल्याकडे उतरत गेलेली. तिच्यात ज्वारीसुद्धा धड येत नसे. सासरे गेल्यावर माझ्या जेठांनी काळी जमीन, विहीर आणि कळसाडी या आमच्या गावातलं घर आपल्याकडे ठेवलं आणि हा तुकडा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिला. देताना त्यांचा चेहरा असा होता की बघणाऱ्याला वाटावं, माणूस अंगावरचं वस्त्र काढून देतोय.

माझ्या नवऱ्याला शेतीत रस नव्हता. लहानपणापासून तो गावच्या सुताराच्या ओट्यावर बसलेला असायचा आणि तिथेच गाडीची चाकं करायला शिकला. खांडबाऱ्याच्या स्टेशनावर जंगलातलं लाकूड गाड्यांनी येत असे. त्या गाड्यांची चाकं, आस, चाकांवरच्या लोखंडी धावा रोज कुठे ना कुठे मोडत. आपल्याकडे रस्त्यालगत जागा आहे, तिथे कारखाना टाकावा आणि शेजारी राहायला दोन खोल्या बांधाव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं. कारखाना म्हणजे काय, तर एक छप्पर, एक भट्टी, भाता, ऐरण आणि लाकूड रचायला जागा.

जेठांना याची लाज वाटायची. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा सुताराचं काम करतो हे त्यांना चारचौघांत सांगवत नसे. पण लाज वाटते म्हणून गप्प बसावं तर तेही नाही. घराचा बेत आपण आखणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. कारण काय, तर एकदा कसला तरी अर्ज घेऊन ते धुळ्याला साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. शिपायाने त्यांना व्हरांड्यात उभं केलं होतं. तिथल्या खिडकीतून त्यांना आतली बैठक दिसली. तेवढ्या एका खिडकीच्या जोरावर हा माणूस पुढे जन्मभर बंगल्यांवर बोलत राहिला.

त्यांनी बेत सांगितला तो असा. रस्त्याकडे तोंड करून मोठी बैठक, तिला सागाचं कोरीव दार आणि वर काच. बैठकीमागे राहायची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. आणि कारखाना सगळ्यांच्या मागे, नाल्याच्या उतारावर.

"लोकेस्नी घर देखाले जोयजे, घन नही," ते म्हणाले. लोकांना घर दिसलं पाहिजे, घण दिसायला नको.

माझा नवरा हळूच म्हणाला की मागे बैलगाडी वळणार नाही, भरलेली गाडी त्या उतारावरून वर चढणार नाही. जेठांनी ऐकलंच नाही. मग नवरा म्हणाला, दादा म्हणतील तसं करू. हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले होते. त्याच्याइतकं चांगलं चाक त्या मुलखात कोणी करत नव्हतं, आणि त्याच्याइतका मऊ कणाही कुणाचा नसेल.

मी दाराआड उभी होते. जेठांसमोर सुनेने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डोळ्यांवर पदर ओढायचा आणि काही सांगायचं झालं तर नवऱ्याच्या कानात सांगायचं. मग तो ते अर्धं गिळून पुढे सांगणार. मी त्याला सांगितलं, गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार, त्याला आधी भट्टी दिसू दे. त्याने पुढे सांगितलं ते एवढंच, की मागचा उतार जरा जास्त आहे. जेठ म्हणाले, भरती टाका.

गवंडी नवापूरचा होता. तो एका वेगळ्याच जातीचा हुशार. समोर जो उभा असेल तो त्याचा मालक. जेठ म्हणाले बैठक अजून लांब करा, की तो म्हणे, वा, लांबच शोभेल. जेठ म्हणाले नको, रुंद करा, की म्हणे, मीही तेच म्हणत होतो. चुन्याच्या फक्कीने जमिनीवर पायाच्या रेषा आखल्या तेव्हा जेठ हातात काठी घेऊन त्या बैठकीच्या चौकोनात जाऊन उभे राहिले. नुसत्या मुरमावर. आणि तिथूनच त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, जणू आतून बाहेर हाक मारावी तशी.

रेषा आखून झाल्या आणि जेठांना कळसाडीला जावं लागलं. गावात एका घरी लग्न होतं. आम्ही तिथेच कुडाच्या झोपडीत राहून काम बघत होतो. ते गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी झाडू घेतला आणि सगळी फक्की पुसून टाकली. चुलीतली राख टोपल्यात भरून नव्या रेषा ओढल्या. कारखाना पुढे, रस्त्याच्या कडेला, गाडी आत येऊन वळून बाहेर जाईल असा. राहायच्या दोन खोल्या त्याच्या बाजूला, उंच जागेवर, आणि स्वयंपाकघराचं दार विहिरीसाठी धरलेल्या जागेकडे. जेठांच्या बैठकीला मी जागाच ठेवली नाही.

नवरा लाकूड तासत बसला होता. त्याने एकदा मान वर करून पाहिलं, मग पुन्हा तासायला लागला. गवंडी आला, त्याने राखेच्या रेषा पाहिल्या, विचारलं हे कुणी केलं. मी म्हटलं, इथे खणायचं. तो म्हणाला, मलाही आधीची मांडणी पटली नव्हती. आणि त्याने शेजारच्या पाड्यावरच्या मजुरांना खणायला लावलं.

जेठ परत आले तेव्हा कारखान्याचं जोतं वर आलं होतं. ते रस्त्यावरच थांबले. त्यांनी गवंड्याकडे पाहिलं, तर तो ओळंबा धरून एका दगडाकडे फार लक्ष देऊन बघत होता. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, हे कुणाच्या हुकमाने झालं.

माझा नवरा खाली बघत राहिला. मी वाट पाहिली. तो काही तरी बोलेल असं मला अजूनही वाटत होतं. त्याने पायाने एक खडा इकडचा तिकडे केला.

मग मीच बोलले. पदर होता तिथेच होता, तोंड मात्र उघडलं. "मीच सांगं गवंडीले. गाडा पुढेच वळतीन."

जेठांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते भावाला म्हणाले, तुझ्या बायकोला सांग, पुरुषांच्या गोष्टीत बोलू नये. मी तीन हातांवर उभी होते, तरी मला निरोप भावाकडून. मला तेव्हा राग आला असं मी म्हणणार नाही. रागासाठी समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो.

बांधलेलं जोतं फोडायचं म्हणजे दगड वाया, आणि दगड तर जेठांनीच आणवलेले. तेव्हा कारखाना पुढेच राहिला. पण हरलेला माणूस जसा कुठे तरी जिंकून घेतोच तसं त्यांनी बैठकीचं घेतलं. उंच जागेवर मी ज्या दोन खोल्या आखल्या होत्या, त्या दोन्हींची मिळून त्यांनी बैठक केली. चांगली कौलं तिला, पक्क्या विटा तिला, फरशी तिला. कोरीव दार नंदुरबारहून आलं आणि त्याला दोन माणसं हात लावायला लागली. आम्हाला राहायला उरलं मागचं स्वयंपाकघर, उताराच्या अगदी टोकाला. तिथे चूल पेटवली की एकाने बाहेर बसायचं. बैठकीला कुलूप, आणि किल्ली जेठांच्या कमरेला. कुणी मोठा माणूस आला तर बसवायला खोली स्वच्छ राहिली पाहिजे, म्हणून. ते स्वतः कळसाडीला राहत. अधूनमधून येत, खोली उघडत, आत थोडा वेळ बसत आणि कुलूप लावून परत जात.

मोठा माणूस खरंच एकदा आला. जंगलखात्याचे रेंजर त्या रस्त्याने टांग्यातून जाणार अशी बातमी जेठांना कुठून तरी लागली आणि ते आदल्या दिवशीच येऊन बसले. खुर्ची मांडली, टेबलावर चादर घातली, पानाचं तबक ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कोट घालून दारात उभे. टांगा आला. नेमकी त्याच्या चाकाची धाव ढिली झाली होती, म्हणून साहेब आमच्या कारखान्यातच उतरले. नवऱ्याने धाव काढून भट्टीत घातली. साहेब एका सागाच्या ओंडक्यावर बसले आणि लोखंड लाल होताना बघत राहिले. त्यांना ते काम आवडलं असावं, काही काही विचारत होते.

जेठ बैठकीतून आले, वाकून म्हणाले, आत बसावं. साहेब म्हणाले, इथेच बरं आहे. जेठ परत गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा नवरा लाल धाव चाकावर चढवून वर पाणी ओतत होता आणि इतकी वाफ झाली होती की जेठांचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाणी मागितलं, मी लोटा दिला. ते प्यायले आणि टांग्यात बसून निघून गेले.

नंतर मी बैठकीवरून गेले तर जेठ आत खुर्चीत बसलेले. कोट तसाच अंगात. ते तबकातलं एक एक पान उचलून खात होते. त्यांची दया यावी असं ते दृश्य होतं. मला आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात माझे दिवस भरत आले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं. पण उतारावरच्या स्वयंपाकघरात पाणी पाझरायचं. जमीन लिंपली तरी दुसऱ्या दिवशी ओली. मी नवऱ्याला म्हटलं, किल्ली मागवून घे. त्याने कळसाडीला निरोप धाडला. उत्तर आलं, बैठकीत विटाळ चालणार नाही, कारखान्यात एका कोपऱ्याला पडदा लावून घ्या.

हे उत्तर ऐकून नवरा भात्याकडे परत गेला. मी त्याच्याकडे बघणंसुद्धा सोडून दिलं होतं.

एका सकाळी कळा सुरू झाल्या. पाड्यावरची सुईण आली, तिने ओली जमीन पाहिली आणि आपल्या बोलीत काही तरी पुटपुटली. नवरा भाता ओढत होता. तो उठला, त्याने पेचकस आणि पहार घेतली आणि बैठकीकडे गेला. कुलपाला त्याने हातच लावला नाही. एका बाजूच्या बिजागऱ्या काढल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही फळ्या मधल्या कडीकुलपासकट एकत्रच चौकटीतून बाहेर आल्या. सुईणीने एक टोक धरलं, त्याने एक, आणि ते धूड कारखान्यात नेऊन भिंतीला टेकवलं. मग त्याने खुर्ची-टेबल बाहेर काढलं, फरशीवर गवत पसरलं, वर गोधडी घातली. चढत्या उन्हात माझी मुलगी तिथे जन्माला आली.

बारशाला जेठ आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते मोकळ्या चौकटीसमोर उभे राहिले. आत मी मुलीला घेऊन बसले होते, मुलगी रडत होती. पहिली पुतणी. आत येऊन बघावं, नाही तर निदान मुलगी झाली म्हणून नाक तरी मुरडावं.

"दार कोठे शे?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा त्यांच्या शेजारी उभा होता. "दुकानमा शे," तो म्हणाला. "लई जानं व्हई ते गाडी जुपी देस." कारखान्यात आहे, न्यायचं असेल तर गाडी जुंपून देतो.

आणि ते खरंच घेऊन गेले. हे मी अजून कुणाला सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. बारशाचं जेवण जेवून, आमच्याच गाडीत ते दार आडवं घालून, ओल लागू नये म्हणून त्यावर पोती टाकून, गाडीवानाला हळू हाक असं सांगत ते कळसाडीच्या वाटेला लागले. मुलीकडे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. पुन्हा ते आमच्याकडे राहायला म्हणून आले नाहीत. मात्र त्यांच्या गावात ते कायम सांगत, धाकट्याला खांडबाऱ्याच्या रस्त्यावर घर मीच बांधून दिलं. आणि तिथले लोक ते मानतही होते. मी एकदा एका बाईला खरं काय ते सांगायला गेले, तर ती म्हणाली, असू दे, थोरले आहेत. थोरलेपण असं फुकट मिळतं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी नवऱ्याला विचारलं, इतके दिवस एक शब्द का बोलला नाहीस.

तो चौकटीच्या मापाने दाराऐवजी बांबूची ताटी बांधत होता. म्हणाला, "दादाम्होरे मन्हं तोंड चालत नही. हात चालतस."

मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि मी तसं त्याला म्हटलं. माणसाने तोंडही चालवावं. तो हसला फक्त. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली, तिचा आस मोडला होता, आणि गाडीवान विचारत होता, कुणी आहे का. नवरा ताटी अर्धवट सोडून उठला. मुलगी जागी झाली होती. मी तिला घेतलं आणि त्या बैठकीच्या मधोमध, मोकळ्या चौकटीतून वारा येत होता तिथे, पाय पसरून बसले.