लिंबाखालची साखळी

शेजारची मुलगी कुत्र्याची साखळी वाजवत जिना उतरली, की माझा हात आपोआप मनगटावरच्या वणाकडे जातो. बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवरची विहीर आटली आणि मला मैलभर लांबून पाणी आणावं लागे. आमचं कुत्रं दिवसभर लिंबाला बांधलेलं असायचं. भेदरट, म्हणूनच येईल त्याच्या अंगावर धावणारं. सोबत म्हणून मी त्याला दोरीनं धरून रोज दोन्ही वेळा नेऊ लागले. आधी बैलगाडी दिसली तरी ते थरथरत भुंकायचं. मी थांबायची, ते शांत झालं की पुढं निघायची. दोनेक महिन्यांत ते गाडीशेजारून गुमान चालू लागलं. मग वैशाखात माझं लग्न झालं. निघताना मी वडिलांना म्हणाले, "दादा, त्याला रोज हिंडवा." "व्हय, व्हय," म्हणाले. दिवाळीला माहेरी आले, तर ते पुन्हा लिंबाखाली, गळ्यात दोरीऐवजी साखळी. मी धावत जवळ गेले आणि त्यानं माझ्याच मनगटाला दात लावले. वडिलांनी काठी उचलली. "मारू नका, दादा. हिंडवलं न्हाई ना त्याला?" "कोन हिंडवनार? आमाला काय कामं न्हाईत?" मीच हिंडवते म्हणावं, तर चार दिवसांनी मला परत जायचंच होतं. जखमेवर हळद दाबून मी त्याच्यापासून साखळीभर अंतरावर नुसती बसून राहिले. सासरी केडगावच्या दोन खोल्यांतून पाच महिने मलाही कुणी बाहेर पडू दिलं नव्हतं. आज वाटतं, आमच्यात फरक एवढाच होता, की मी कुणाला चावले नाही.