नसलेल्या लग्नाचं आवतन

राजानंद गुरुजींना एकाच गोष्टीचा तोरा होता. त्यांनी हो म्हटलेलं लग्न ते कधी विसरले नव्हते.

गुरुजी म्हणजे शाळेचे नव्हेत. रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. जुन्या जालन्यातल्या विहारात बसून, ऐकून ऐकून, विचारून विचारून बौद्ध पद्धतीनं लग्न लावायला शिकला. गाथा पाठ झाल्या तरी तोंड उघडलं नाही, आधी शब्दाशब्दाचा अर्थ लावला. दक्षिणा घेत नाहीत. जायचं-यायचं भाडं दिलं तर ठीक, नाही दिलं तरी पांढरा सदरा घालून वेळेच्या आधी मांडवात हजर. त्यामुळे जालना, अंबड, पार परतूरपर्यंत ‘बौद्धाचार्य राजानंद’ हे नाव पत्रिकेच्या तळाशी छापलं की माणसं निर्धास्त व्हायची.

पूर्वी पत्रिका हातात यायच्या. आता फोनवर येतात. आणि फोनवरच्या पत्रिकेचं एक वेगळंच दुखणं आहे. दोन निळ्या रेघा उमटल्या नाहीत की वधूपित्याचा रुसवा सुरू. ‘गुरुजींनी आमची पत्रिका उघडूनसुद्धा बघितली न्हाई.’ म्हणून गुरुजी आली पत्रिका की उघडायचेच. जेवता जेवता, रिक्षात, दाढीला साबण लागलेला असताना. उघडली नाही तर समोरच्याचा मान राहत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. ज्या हरामखोरांनी हा डाव रचला त्यांनी नेमकं हेच हेरलं होतं. लोभी माणूस पकडायला लॉटरी लागते, आणि सरळ माणूस पकडायला लग्नपत्रिका.

मे महिन्यातली सकाळ. अंबडच्या ओळखीतल्या सूरजच्या नंबरवरून मेसेज आला. ‘सहकुटुंब सहपरिवार यायचं हं.’ खाली फाईल, तिचं नाव लग्नपत्रिका. गुरुजींनी दाबली. फोननं काहीबाही विचारलं, अमक्याला परवानगी देता का, तमक्याला देता का. फोन रोजच काहीतरी विचारतो. गुरुजींनी सगळ्याला हो म्हटलं. पडद्यावर चकरी फिरत राहिली, पत्रिका काही उघडली नाही.

“नेटवर्कच मेलं,” म्हणून त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला.

तासाभरानं लोकांचे फोन यायला लागले.

“जय भीम गुरुजी. पत्रिका भेटली बरं का. पण लग्न कुणाचं हाये?”

गुरुजी गोंधळले. कोणती पत्रिका? त्यांनी तर कुणाला काही पाठवलं नव्हतं. पण समोरचा म्हणून राह्यला होता की तुमच्याच नंबरवरून आली. लग्नसराई, त्यात रोज एक-दोन लग्नं. गुरुजी आठवायला लागले. आपण कुणाला तरी शब्द दिला, पत्रिका वाटायचंही कबूल केलं आणि विसरलो? वय झालं म्हणायचं का?

आता इथं दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, मला माहीत न्हाई बुवा. पण राजानंद गुरुजी तसं कसं म्हणतील? ते म्हणाले, “हो हो, आपल्याच माणसाचं हाये. उघडा, बघा, आन् यायचं बरं का.”

दुसरा फोन आला, तिसरा आला. प्रत्येकाला तेच उत्तर. “उघडून तर बघा, सगळं त्यात हाये.”

फोन ठेवला की डोक्याला हात. भिवाच्या पोराचं? त्याचं तर झालं. परतूरच्या मुलीचं? ते पुढच्या महिन्यात. शेवटी चपला अडकवून ते गल्लीच्या तोंडाशी रखमाजीकडे गेले. रखमाजीचा मांडव-खुर्च्यांचा धंदा. जालन्यात कुणाचं लग्न आहे आणि रखमाजीला ठाऊक नाही, असं होत नाही, निदान रखमाजीचं तरी तसं म्हणणं.

“रखमाजी, एक पत्रिका फिरून राह्यली…” गुरुजींनी अंदाज घेत घेत सुरुवात केली.

“मला पण आली की तुमच्याकडून!”

“हां. मंग, कसं काय? मांडव तुझाच का?”

रखमाजीनं क्षणभर छताकडे पाहिलं. “अं… मांडवाचं बोलणं चालू हाये. मुलीकडचे माझ्या वळखीचेच. लई चांगली माणसं.”

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. म्हणजे लग्न आहे! आपण फक्त नाव विसरलो, संध्याकाळपर्यंत आठवेल. कोणत्या गावची माणसं, एवढं विचारलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. पण विचारायचं कसं? रखमाजी म्हणाला असता, तुम्हालाच माहीत न्हाई व्हय गुरुजी? हसला असता लेकाचा.

परत येताना चांगुणाबाईचा फोन. ही त्यांची थोरली वहिनी. शाळेत खिचडी शिजवून उभं आयुष्य काढलेली, शब्दाला पक्की. गल्लीतल्या बायांनी यंदा बुद्धगयेला जायचं ठरवलं होतं. कुणी धुणीभांडी करून, कुणी कपाशी वेचून दोन वर्षं पैसे साठवले, आणि सगळे चांगुणाबाईच्या खात्यावर ठेवले. नातीनं, अक्षतानं, आजीच्या फोनवर पैसे घ्यायचं ॲप बसवून दिलं होतं.

“राजा, तुझी पत्रिका आली रे. मी दाबली तर फोन म्हणतो हे धोक्याचं हाये, उघडू का नको?”

“वहिनी, फोनला काय कळतं? म्या पाठवलेली हाये ना? मंग उघड बिनधास्त.”

“बरं,” ती म्हणाली. दिराचा शब्द म्हणजे झालं.

घरी पोचतात तोच भावनाचा फोन, तोही बायकोच्या फोनवर. भावना त्यांची लेक, नवीन जालन्यात बियाणे कंपनीच्या ऑफिसात नोकरीला.

“आई, बाबांना दे जल्दी. बाबा, तुम्ही मला काय पाठवलंय?”

“पत्रिका. लग्नाची.”

“कुणाच्या लग्नाची?”

“ते… आपल्याच माणसाचं.”

“बाबा!” भावना ओरडली. “पत्रिका फोटोत येते, न्हाईतर पीडीएफमध्ये येते. ह्या फाईलच्या नावाशेवटी एपीके लिहिलंय. ते ॲप असतं, पत्रिका नसते. ते फोनमध्ये घुसतं, बँकेचे ओटीपी वाचतं आन् तुमच्या नावानं सगळ्यांना तेच पाठवतं. तुमचं इंटरनेट आधी बंद करा!”

“पण रखमाजी तर म्हणतो मुलीकडचे वळखीचे…”

“मुलगीच न्हाई तर मुलीकडचे कुठून आले?”

गुरुजींना यातलं अर्धंच कळलं, ते फोनवरच बडबडायला लागले. सूरजनं पाठवली, म्हणजे सूरज चोर? मग माझ्या नंबरवरून गेली, म्हणजे मीही चोर? भावना सांगत होती की सूरजचाही फोन असाच धरला गेला असणार, पण ते ऐकायला गुरुजी थांबले कुठं? पायात चप्पल नाही, सदऱ्याची गुंडी उघडी, आणि हा माणूस भर दुपारी गल्लीतून पळत सुटलेला. बाया दारात येऊन बघायला लागल्या.

चांगुणाबाई उंबऱ्यात फोन धरून बसली होती. “चकरीच फिरून राह्यली रे. पत्रिका काही दिसना.”

“बंद कर! वहिनी, बंद कर तो!”

“अरे तूच तर म्हणला उघड म्हणून.”

त्यांनी फोन ओढून घेतला. काय बंद करायचं, कुठून करायचं, सुधरेना. शेवटी तिच्या कानातल्या रिंगचं टोक घालून सिमच उपटून काढलं. मागोमाग भावना रिक्षानं आलीच. तिनं स्वतःच्या फोनवरून १९३० लावला. आर्थिक फसवणुकीसाठी सरकारनं ठेवलेला नंबर. पलीकडची बाई विचारत गेली, भावना सांगत गेली. मग तिघं तशीच बँकेत.  पूल ओलांडताना रिक्षात चांगुणाबाईनं एकदाच विचारलं, “गेले का राहिले?” गुरुजींनी रिक्षावाल्याला जल्दी हाकायला सांगितलं.

बँकेतल्या माणसानं खात्याचे ऑनलाईन व्यवहार तिथल्या तिथं थांबवले. एक रक्कम गेली होती. दुसरी निघता निघता अडकली. गेलेली पुढच्या खात्यात अडवता आली तर परत मिळेल, तक्रार लवकर केली हे बरं झालं, पण खात्री देता येणार नाही, असं तो म्हणाला. म्हणजे थोडे गेले, बरेचसे राहिले, आणि गेलेले येतील का न येतील ते कुणालाच माहीत नाही.

संध्याकाळी वंदनेनंतर बाया विहारात थांबल्या. बातमी आधीच फिरली होती. चांगुणाबाई पुढं उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, “बायांनो, माझ्या हातून झालं. फोनानं नको म्हटलं तरी म्या दाबलं.”

दिराचं नाव तिनं घेतलं नाही.

कुणी तरी कुजबुजलं, “म्हातारीला फोन दिलाच कशाला?” गुरुजी सतरंजीवर बसले होते. बसून राहिले असते तर राहिलं असतं त्यांचं सगळं. तोरा, नाव, पत्रिकेच्या तळाशी छापलेली ती ओळ.

ते उठले. “तिनं मला इचारलं होतं. म्या उघड म्हणलो. लग्न कुणाचं ते मलाच ठाऊक नव्हतं, तरी म्हणलो.”

“असं कसं गुरुजी? ठाऊक न्हाई तर उघड कसं म्हणले?” संध्या नावाची तरणी बाई ताडकन बोलली. तिनं कपाशी वेचून पैसे दिले होते.

“विसरलो म्हणायची लाज वाटली.”

 मग मागून रखमाजीचा आवाज आला, बारीक. “मी पण… त्या मुलीकडच्यांना वळखत न्हाई.”

“आं?”

“गुरुजींची पत्रिका, आन् मांडव दुसऱ्याचा, असं कसं सांगायचं? म्हणून म्हणलो वळखीचे हायेत.”

बाया हसाव्यात का रडाव्यात, अशा एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी तर शेवटपर्यंत विचारत राहिली, “म्हणजे लग्न मोडलं का? पोरीचं काय झालं मंग?” तिला कितीही समजावलं तरी पोरगी नव्हतीच, हे तिला पटेना.

“ते राहू द्या,” चांगुणाबाई म्हणाली. “राजा, तू अजून किती जणांना उघड म्हणलास?”

गुरुजी बोटांवर मोजायला लागले. त्यांचा स्वतःचा फोन भावनानं बंद करून ठेवला होता, म्हणून त्यांनी तिचा घेतला, सकाळी पहिला फोन आला त्या माणसाच्या घरचा नंबर आठवून लावला. अंबडला, त्याच्या बायकोनं उचलला.

“जय भीम बाई, मी राजानंद गुरुजी बोलून राह्यलो. माझ्या नंबरवरून आलेली पत्रिका उघडू नका…”

“कोण?” पलीकडून आवाज करडा झाला. “गुरुजींचा नंबर आमच्याकडं हाये. हा तो न्हाई. तुम्ही गुरुजी कशावरून?”

“अहो, मीच! आवाजावरून वळखा की.”

“आवाज काय, कुणीबी काढतं. सकाळी गुरुजी सोता म्हणले उघडा, आन् आता तुम्ही म्हणता उघडू नका. आमच्या सूरजचे पैसे गेले काल असेच फोनावर. ठेवा.”

फोन कट झाला.  काय सांगावं, कसं सांगावं, की मी तोच आहे? आता भावनानं बोलावं का? तिला तरी कोण ओळखतं अंबडला?

“बराबर केलं बाईनं,” गुरुजी अखेर म्हणाले. मग त्यांनी दाराशी पडलेल्या चपलांमधून रखमाजीच्या शोधून स्वतःच्या पायात घातल्या, आपल्या तर घरीच राहिल्या होत्या, आणि भावनाला विचारलं, “अंबडची एसटी आता भेटन का?”