मनगटाला पेलेल ती लेन्स

मंडीदीपच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं फोटो काढत आले. त्या दिवशी एका फिटरचा निरोप समारंभ होता. माझ्या कॅमेऱ्यावर नेहमीची जड झूम लेन्स होती, दीड किलोच्या आसपास वजनाची. साहेबांनी हार घातला आणि नेमकं तेव्हाच माझं मनगट लचकलं. घरी येऊन पाहिलं तर हाराचे सगळे फोटो हललेले. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा त्याचा तो एकच दिवस, आणि मी तो घालवला.

राग आला तो आधी हाताचा. मग नवऱ्याचा. तो म्हणाला, "अगं, साठी उलटली. आता पुरे कर." गुडघे बदलून घेतल्यावरही त्याने स्कूटर सोडली नव्हती, तेव्हा मी त्याला पुरे कर म्हटलं नव्हतं. हे मी त्याला ऐकवलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी हलकी लेन्स बघायला न्यू मार्केटमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. मुलगी सोबत होती. विक्रेता सगळं तिच्याशीच बोलत होता. मी उभी असताना तिला म्हणाला, "आंटी के लिए तो मोबाइल ही ठीक रहेगा।"

मी म्हटलं, "आंटी यहीं खड़ी हैं। चार लेन्स निकालिए।"

त्याने काढल्या. एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावून मी डोळ्याशी धरली आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. पहिलीला साठावरच अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. दुसरी हलकी होती, पण तिची रिंग इतकी घट्ट की बोटं दुखली. तिसरी पुढे झुकायची. चौथी आखूड, मुठीत मावणारी, झूम नसलेली. शंभर झाले तरी हात स्थिर होता. तीच घेतली. मुलगी म्हणाली, हिने लांबचं काही येणार नाही. मला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त संताप होत होता. वीस वर्षं मी लांबून, कोणाला न विचारता फोटो काढले होते. आता जवळ जावं लागणार, परवानगी मागावी लागणार.

त्याच आठवड्यात मिसरोदला त्या फिटरच्या घरी गेले आणि चूक माझी होती हे सांगितलं. पुन्हा हार घालून उभे राहाल का, असं विचारलं. तो भडकला. "नाटक नहीं करूँगा, मैडम," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

मग तसेच बसा, म्हटलं. तो दारात हाताची घडी घालून बसला, चेहरा अजून तापलेला. मी दोन हातांच्या अंतरावर जाऊन उभी राहिले. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. डाव्या भुवईतून गेलेला जुना व्रणही त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. फोटो काढताना माझा हात हलला नाही.

त्याने फोटो बराच वेळ पाहिला. हसला नाही. बायकोला बोलावून दाखवला, आणि हाच मोठा करून द्या, म्हणाला.