वशिंडवाला गेंडा

लग्न होऊन सौंसरला आले त्याच वर्षी सासूबाईंनी मला गेंड्याच्या कातडीची म्हटलं होतं. त्यामुळे गेंडा मला कधी परका वाटला नाही. पुढे शाळेत नोकरी लागली, अन् पंच्याऐंशीच्या आसपास एकदा दुसरीच्या वर्गात मी फळ्यावर त्याचं चित्र काढलं. सांगितलं, आसामच्या जंगलात आता थोडेच उरलेत, शिंगासाठी लोक त्यांना मारतात, अन् त्या शिंगाचं औषध होतं ही शुद्ध थाप आहे. वर्ग हसला, कारण माझं चित्र डुकरासारखं झालं होतं. रडली ती एकटी त्याच वर्गात बसलेली माझी पोरगी.

रात्री जेवताना तिनं विचारलं, "आई, आपण काय करून राहिलो त्यायच्यासाठी?"

"सौंसरात बसून काय करणार, कपाळ?"

उपाय तिनंच काढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडाचे बैल सजवून तोरणाखाली रांगेत लावतात, अन् सारा मोहल्ला पाहायला लोटतो. या वर्षी मी बैल नाही, गेंडा नेणार, म्हणाली. म्हणजे सगळ्यांना त्याचं सांगता येईल.

मोहगावच्या सुताराला मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यानं गेंडा केला झकास, पण पाठीवर वशिंड ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"वशिंडाबिना जनावर भुंडं दिसते, बाई."

त्याच्याशी कोण डोकं लावणार! पोरीनं गेंडा राखाडी रंगवला, झूल शिवून घेतली, नाकावरच्या शिंगाला बेगड चिकटवली.

तान्हा पोळा भरवायचे आमचे शेजारी, त्यांना सगळे काकाजी म्हणत. संत्र्याचा बगीचा, थोडी कपाशी अन् एक बैलजोडी. त्या जोडीशी ते जितकं बोलत तितकं घरातल्यांशी बोलत नसत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी ते गेंडा पाहायला आले, चहूकडून पाहिला अन् मान हलवली. "हा रांगेत नाही लागणार."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पदर खोचला. आलं अंगावर तर घेतलं शिंगावर, असा माझा स्वभाव.

"काऊन नाही लागणार? बैल नाही म्हणून?"

"तसं नाही, बाई. एकटा आहे म्हणून."

"बाकीचे पोट्टे एकेकच बैल आणतात!"

"बैल खच्ची केलेला असते. तो एकटा राहिला तरी काय बिघडते? पण याची जात संपून राहिली म्हणता ना तुमी? मंग एकट्याले उभा करून काय फायदा? मादी आणा."

म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. आमचे हे लगेच सायकल काढून मोहगावच्या सुताराकडे निघाले. फाटकातून वळून विचारतात, "मादीले शिंग असते का?"

"असते. घरात पाहून घ्या."

सुताराकडे एक न विकलेला बैल पडून होता. त्याची दोन्ही शिंगं कापली, नाकावर एक बसवलं, झाली मादी. वशिंड तर आयतंच होतं. तोरणाखाली जोडी लागली तेव्हा रंग ओला होता अन् पोरीचे हात कोपरापर्यंत राखाडी.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सगळं सांगत होती. काकाजींनी मला विचारलं, "हे किती महिने गाभण राहते?"

"सोळा महिने. अन् पिलू एकच."

"सोळा? आपली गाय नऊ महिन्यांत मोकळी होते, बाप्पा. मारणारा मारून चालला जाते, अन् भरून निघाले किती वर्षं लागन?" त्या संध्याकाळी त्यांनी हे प्रत्येकाला ऐकवलं. बैलांचं कौतुक राहिलंच. पोरगी खूश, मीही खूश.

मग त्यांचा नेमच झाला. सकाळी कुंपणावरून विचारायचे, "काय म्हणते गाभण?" पोरगी गंभीरपणे सांगायची, "चारा खाते."

पुढच्या उन्हाळ्यात काकाजींचा एक बैल गेला. सकाळचं विचारणं बंद झालं. पोळ्याला लोकांनी जोडीला दुसरा बैल देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. एकट्याला घेऊन रांगेच्या टोकाला उभे राहिले. मला लांबूनच फार वाईट वाटलं. पोरगी मात्र त्यांच्यापाशी गेली अन् म्हणाली, "आजोबा, आमचं पिलू अजून नाही झालं."

"चार महिने आहेत अजून," ते म्हणाले. मला वाटलं, लेकराची समजूत काढतात.

संक्रांतीला ते तिळगुळाला आले. बसले, अन् दुपट्ट्यातून एक वस्तू काढून पोरीच्या हातावर ठेवली. तळहाताएवढं गेंड्याचं पिलू, वशिंडासकट. रंग नव्हता दिलेला. लाकूड जुनं, घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"सोळा महिने भरले," ते म्हणाले. "जू पडून होतं घरी. एका बैलाले काय करता त्याचं? सुताराले देऊन टाकलं."

पोरीनं पिलू जोडीच्या मधोमध ठेवलं अन् विचारलं, "याचं नाव काय?"

काकाजींनी आपल्या गेलेल्या बैलाचं नाव सांगितलं. मी चहा ठेवायला आत गेले.