आधी शेजारची घंटा

४ एप्रिल रोजी किल्लीवाल्याने म्हाताऱ्या मालकाला अठ्ठेचाळीस हजार सहाशे मोजून दिले आणि दुकान स्वतःच्या नावावर करून घेतले. त्या व्यवहाराचे कागद मी केले. दुकानाचे हिशेबही मीच पाहतो. मे महिना संपायच्या आत त्याचा परवाना अडकला. तो रद्द झाला असता, तर चार भिंती आणि किल्ल्या घासायचे यंत्र एवढेच त्याच्याकडे उरले असते.

तो मूळचा इथला नाही, हे त्याच्याकडे पाहून कुणीही सांगते. काळाभोर रंग, दाट कुरळे केस. विशीत आला तो मालकाच्या हाताखालीच लागला. पहिली कित्येक वर्षे तो आतल्या टेबलावर बसून फक्त किल्ल्या घासत असे. गिऱ्हाईक यायचे, किल्ली घ्यायचे, आणि काही जण तर याने किल्ली हाताळली म्हणून तिथून निघून सरळ पुढच्या गल्लीत कुलूपच बदलून घ्यायला जायचे. मालक चिडायचा. हा म्हणायचा, "जाऊ द्या मालक. कुणाचा तरी धंदा होतोय ना!"

मग मालकाचे गुडघे गेले, जिने चढवेनात. त्याने हत्यारांची पिशवी याच्या खांद्याला अडकवली. "आता दारं तूच उघडायची."

पहिल्याच दाराशी पोलीस आले. किल्ली हरवलेली बाई औषध आणायला खाली गेली होती आणि समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला होता, की एक काळा माणूस कुलूप फोडतोय. बाई वर येईपर्यंत त्याला जिन्यात पालथे पाडून ठेवले होते.

घरी बायकोने त्याचा सोललेला गाल पाहिला. "अहो, सोडा ही कामं. आत टेबलाशी बसा, तिथे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही तुम्ही."

"कुलूप उघडलं की नाही, ते तरी विचार."

"उघडलं?"

"उघडलं. मनगटं दुखत होती म्हणून वेळ लागला, एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून त्याने स्वतःचा एक नियम केला. दाराला हात लावायच्या आधी मजल्यावरच्या सगळ्या घंटा वाजवायच्या आणि शेजाऱ्यांना विचारायचे, "मी किल्लीवाला. हे इथेच राहतात ना?" कुलूप उघडायला बोलावणारी एक बाई फणकारली होती, "अरे, वीस वर्षं राहतेय मी इथे! माझी चौकशी करतोस?"

"बाई, माझी तर रोजच होते," तो म्हणाला.

नवे कुलूप बसवायचे असले, तर त्याचे बंद पाकीट तो शेजाऱ्याच्या हातून फोडून घेई, आतल्या तिन्ही किल्ल्या त्याच्यासमोरच घरमालकाच्या हातात देई. लोक कुरकुरत. एक काम उरकायला दुप्पट वेळ लागे. पण पोलीस पुन्हा आले नाहीत, आणि हळूहळू लोक त्यालाच बोलवा म्हणून सांगू लागले. मालकाने दुकान त्याला दिले ते यामुळेच.

मे महिन्यात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंच्या कपाटातले दागिने गेले. आठवड्यापूर्वीच याने त्यांचे कुलूप बदलले होते. त्यांनी परवाना कार्यालयात तक्रार केली: याने एक जादा किल्ली स्वतःकडे ठेवली असणार. निकाल लागेपर्यंत दुकान बंद ठेवायचा हुकूम आला.

कुलूप बदलले त्या दिवशी पाकीट फोडणारे बाईंच्या शेजारचे आजोबा होते. किल्लीवाला त्यांच्याकडे जाईना. "माझ्यासाठी खरं बोला, अशी भीक मागू का?" शेवटी बायकोच गेली. आजोबांनी सगळे ऐकून घेतले आणि दार लावून घेतले. घरी येऊन ती म्हणाली, "भिंतीशी बोलून आले."

सुनावणीला मीही गेलो होतो. परवाना कार्यालयातल्या साहेबांनी बाईंना विचारले, "त्या आठवड्यात घरात आणखी कोण कोण आलं होतं?"

"पुतण्या आला होता, त्याचे दोन मित्र, रंगारी... पण ते सगळे आपलेच लोक आहेत हो."

साहेबांनी चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे पाहिले. किल्लीवाला खाली मान घालून बसला होता. बायकोने त्याची बाही घट्ट धरली होती.

तेवढ्यात दार ढकलून आजोबा आत आले. धाप लागली होती. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"हे बघा, हा माणूस मला आवडत नाही. याच्या जातीचं कुणीच मला आवडत नाही, या वयात बदलायचा माझा विचारही नाही. त्यात याने माझी दुपारची झोप मोडली. पण ते पाकीट मी फोडलंय. कात्री सापडेना म्हणून दातांनी फाडायला गेलो, तर कवळीच हातात आली. या बाई केवढ्या हसल्या तेव्हा! विचारा त्यांना. आत तीन किल्ल्या होत्या, तिन्ही याने यांच्या हातात दिल्या. चौथी कुठून येणार?"

साहेबांनी बाईंना विचारले, "हसला होतात?"

बाईंनी पर्स मांडीवर ओढली. मग पुटपुटल्या, "हसले होते."

"आणि किल्ल्या?"

"तिन्ही घरातच आहेत."

साहेबांनी तक्रार तिथेच निकाली काढली आणि परवान्यावर सही केली. चोरीचे पोलीस बघतील म्हणाले. बाहेर पडलो, तर किल्लीवाला पायरीवर मटकन बसला. त्याचे खांदे हलत होते.

"अहो, हसताय की रडताय? काय ते एक ठरवा," बायको म्हणाली. तिला स्वतःलाही ते ठरवता येत नव्हते.

आजोबा शेजारून उतरत होते. हा उठून हात जोडू लागला, तर त्यांनी काठी उगारली. "आभार नकोत. दोन ते चार माझी घंटा वाजवायची नाही, बस्स!"

"नाही वाजवणार, आजोबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने दुकान उघडले. झाडून काढले, यंत्राला तेल दिले. दहाच्या आत दोन गिऱ्हाइके होऊन गेली आणि दुपारी एका दाराचे बोलावणे आले. मी हिशेबाला बसलो, तेव्हा तो आत कानस चालवत शीळ घालत होता. इतक्या वर्षांत त्याला शीळ घालताना मी पहिल्यांदाच ऐकले.

दागिन्यांचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून नव्या कुलपाचे सहाशे चाळीस अजून यायचे आहेत.